खोकल्याच्या बाटलीतलं पेट्रोल

१८ डिसेंबर

पाच मीटर वीस. कालही पाच वीसच!

राजेश्रीनं गोळा टाकला आणि दोन्ही हात काखेत दाबून तिथंच खाली बसली. मी टेप गुंडाळत होतो. म्हणाली, "जीवन, माझी बोटं जाग्यावर हायत का बघ रे. मला तर कळंनात."

पोलीस भरतीला पोरींचा गोळा चार किलोचा असतो. सहा मीटरच्या पुढं गेला की पैकीच्या पैकी मार्क. दिवाळीनंतर ती पाच ऐंशी टाकायलती. थंडी पडली आणि साठ सेंटीमीटर गेले. पेपरात आलंय, परभणी सात अंशावर. गोळा माझ्या घरी असतो. पहाटे गाडीच्या हँडलला पिशवीत लटकवून आणेपर्यंत त्याचा बर्फ होतो. बोटांनी तो धरताच येत नाही, तर ढकलणार कसा?

मी स्वतः भरतीत बसत नाही. उंची दोन सेंटीमीटर कमी. तरी रोज शाळेमागच्या मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर असतो. टेप धरायला, गोळा परत आणून द्यायला कुणीतरी पाहिजे की. आमचे बाबा म्हणतात, "कॉलेज सोडलं ते सोडलं, आता पोरींचे गोळे उचलायलाय." कॉलेज मी सोडलं नाही. दुसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेत एकाची गचांडी धरली आणि मग परत जायची लाज वाटली. दोन्हीत फरक आहे. पण बाबांना कोण सांगणार!

१९ डिसेंबर

आज अक्कल लढवली. गोळाच शेकोटीच्या राखेत ठेवला. तिनं उचलला आणि किंचाळून फेकला.

"भाकर भाजायलास का गोळा?"

बाकीच्या पोरी हसून हसून खाली बसल्या. तिच्या अंगठ्याला फोड आलाय. मी दुपारी जेवलो नाही. कशामुळं ते घरी कुणालाच कळलं नाही. आईनं जिऱ्याचं पाणी दिलं.

२१ डिसेंबर

बन्सीदादा सुट्टीवर आलाय. माझा चुलतभाऊ, फौजेत. तिकडं वर बर्फात ड्युटी. त्याच्या पेटीत एक चपटी चकचकीत डबी दिसली. तंबाखूच्या डबीएवढी, झाकणाला भोकं. मी हातात घेतली तर दादा म्हणाला, "हात शेकायची हाय ती."

आत कापूस असतो. त्यात तेल मुरवायचं. वर जाळी बसवायची. जाळीला दहा सेकंद काडी धरायची, की झालं. ज्योत नाही, धूर नाही. नुसती गरम होते. कापडाच्या पिशवीत घालून खिशात टाकायची. सकाळी पेटवली तर दिवस मावळेपर्यंत गरम. संपली की परत भरायची. तिकडं जवान बंदुकीच्या घोड्यावर बोट चालावं म्हणून बाळगतात आणि सुट्टीच्या दिवशी व्हॉलीबॉल खेळतानाही.

मी मागितली.

"तुला कशाला?"

"गव्हाला पाणी द्यायला जातो ना पहाटे."

दादा माझ्याकडं बघतच राहिला. "पानी देनाऱ्याचे पाय गार पडतेत येड्या, हात न्हाई." पण दिली! वर म्हणाला, "लायटरचंच तेल भरायचं. गाडीचं पेट्रोल न्हाई. जाळी खराब होती आन् वास मारतो."

२२ डिसेंबर

ताडकळसच्या बाजारात लायटरचं तेल मागितलं. पहिल्या दुकानात लायटर दिला. दुसऱ्यानं सांधेदुखीचं तेल काढलं. तिसरा म्हणाला, "लायटरला कुठं तेल असतंय का?" मग डोकं फिरलं. पेट्रोल ते पेट्रोलच. गाडीतून काढलं आणि भरलं.

काडी धरली. काहीच दिसेना. म्हणून परत धरली, परत धरली, पाच काड्या झाल्या. विझली म्हणून जाळीवर बोट ठेवलं. विझली नव्हती!

२३ डिसेंबर

पाच पासष्ट. एका सकाळीत पंचेचाळीस सेंटीमीटर!

गोळा टाकायची, पळत यायची, डबी दोन्ही मुठीत धरायची, परत जायची. "वास कसला रं हिला?" मी म्हणालो, फौजेतली वस्तू आहे, असाच असतो.

ती डबी परत देते तेव्हा डबीची ऊब कुठली आणि तिच्या हाताची कुठली ते मला ओळखू येत नाही. हे मी कुणाजवळ बोलणार? इथंच लिहितो.

२५ डिसेंबर

तिचं घर मैदानापासून दीड किलोमीटर. पायी येते, त्यात हात गारठतात ते सकाळभर सुधरत नाहीत. म्हणाली, "डबी माझ्याकडंच राहू दे. घरूनच पेटवून येते."

भरायचं काय? मी घरातली खोकल्याची रिकामी बाटली धुतली, दोनदा धुतली. त्यात पेट्रोल दिलं. सोबत काड्यापेटी. लेबल तसंच राहिलं. दोन चमचे दिवसातून तीनदा.

२७ डिसेंबर

तिचं लग्न ठरवायलेत.

बुटाची नाडी बांधता बांधता सांगितलं, जसं काही उद्या बाजार आहे म्हणून सांगावं. वालूरचं स्थळ. मुलाचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान, घरी वीस एकर. पौष सुटला की २२ जानेवारीला सुपारी, ५ फेब्रुवारीला लग्न. भरतीचं ग्राउंड १० फेब्रुवारीला! पाच दिवस आधी हिच्या अंगाला हळद लावणार.

"तू सांग ना घरी."

"सांगितलं. बापू म्हनले, त्यांच्यात सुना नोकरीला जात न्हाईत. झालं."

"आणि तुझी माय?"

"मायचं कोन ऐकतंय? ती गप हाय."

बापू म्हणजे तिचे वडील, बजरंगकाका. तापट नाही, ओरडत नाही. फक्त एकदा ठरवलं की ठरवलं. असल्या माणसाशी भांडता येत नाही. मला भांडता येईल अशीच माणसं बरी वाटतात.

२८ डिसेंबर

वालूरला जाऊन आलो. परभणीवरून सत्तर-ऐंशी किलोमीटर, तोंडाला मफलर बांधून. वाटेत सगळं पाठ केलं. काय बोलायचं, कुठं धरायचं, आधी हात उचलायचा का आधी सांगायचं.

दुकान सापडलं. हा एकटाच गल्ल्यावर बसलेला. चष्मा. माझ्यापेक्षा बारीक. मी दारात उभा, मुठी आवळलेल्या. त्यानं मान वर केली. "या दादा. लय लांबून आलेले दिसायलाव. पानी प्या आधी."

तांब्या पुढं केला. मी प्यालो. मग म्हणाला, "काय पाहिजे?"

"प्लग," मी म्हणालो.

प्लग घेऊन परत आलो. गाडीचा जुना चांगला होता. आता दोन झाले.

३१ डिसेंबर

आज सांगून टाकलं. गोळा हातात देताना. "राजेश्री, मला तू..." पुढचं निघेना.

"माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"सगळ्या ग्राउंडला माहीत हाय. त्या शेकोटीजवळच्या कुत्र्याला बी माहीत हाय. सरक आता, गोळा टाकू दे."

पाच अठ्ठ्याऐंशी.

हो म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही. दिवसभर हे वाक्य उलटंपालटं करून बघायलोय.

२ जानेवारी

मी म्हणालो पळून जाऊ. तिनं गोळा खाली ठेवला.

"पळून गेलेल्या पोरीला भरतीत घेतेत का? आन् माझ्या मागं बापूंनी गावात तोंड कुठं दाखवायचं? तुझं डोकं आधी चालतंय का पाय?"

दोन्ही चालत नाहीत. फक्त हात चालतात.

५ जानेवारी

सहा मीटर दोन! मी टेप तीनदा लावली. ती उड्या मारायलती, पोरी टाळ्या वाजवायलत्या. आणि सतरा दिवसांनी सुपारी.

६ जानेवारी

आली नाही.

७ जानेवारी

आजही नाही. फोन बंद. तिच्या गल्लीतून गाडी चारदा नेली. दार लावलेलं. काकाला पेट्रोलचा वास आला असणार. पोरगी कुणाच्या तरी गाडीवर फिरते म्हणून कोंडून ठेवली असणार. आणि ती गाडी कुणाची हे शोधायला किती वेळ लागतो? मार खायची तयारी आहे. तिला एक जरी चापट बसली असेल तर मात्र मी कुणाचं ऐकणार नाही.

८ जानेवारी

आली. बरोबर तिची माय.

माय शेकोटीजवळ पोतं टाकून बसली. राजेश्रीनं मला वर्तुळाच्या पलीकडं नेलं आणि गोळा टाकायचं सोंग करत सांगितलं. मी जसं ऐकलं तसं लिहितो.

परवा मायला तिच्या पेटीत बाटली सापडली. बाटलीत पेट्रोल, बाजूला काड्यापेटी. ओढणीला वास, उशीला वास. माय बाटली घेऊन ओसरीवर आली आणि काकापुढं ठेवली. एवढंच म्हणाली, "लेक जाळून घ्यायच्या तयारीला लागली हाय. तुमी सुपारीच्या तयारीला लागा."

आम्हाला हे सुचलंच नव्हतं! दोघांपैकी एकालाही नाही.

त्यांच्या घरात ही भीती उगाच नाही. कडूबाईमावशीची, म्हणजे राजेश्रीच्या मायची, धाकटी बहीण होती, कमल. लग्नानंतर आठव्या महिन्यात सासरी स्टोव्हनं भाजून गेली असं सगळे सांगतात. त्या घरात स्टोव्ह नव्हताच, असं मावशी सांगते.

"मग तू बोलली नाहीस, डबीसाठी आहे म्हणून?"

"तोंड उघडनारच व्हते. तेवढ्यात बापू रडायला लागले. जीवन, मी बापूंना रडताना कधीच बघितलं न्हवतं. उंबऱ्यावर बसून, टोपी तोंडाला लावून. मग म्हनले, न्हाई करायचं लग्न. कर बाई तुझी भरती. तवा माझं उघडलेलं तोंड मिटलं."

वालूरला कालच फोन गेला. सुपारी मोडली.

मोडली!

९ जानेवारी

मी खूश आहे. लपवत नाही. प्रेमानं झालं नाही, मारामारीनं झालं नाही, बन्सीदादाचं न ऐकता डबीत पेट्रोल भरलं त्यानं झालं. पहिल्यांदाच माझ्या मूर्खपणाचा कुणाला तरी फायदा झालाय.

आज परभणीहून लायटरचं तेल आणलं. एका पानाच्या सामानाच्या दुकानात सापडलं. आता वास नाही.

१० जानेवारी

मावशी रोज येते. डोक्यावरून शाल, पोतं, शेकोटी. लेकीवरची नजर हलत नाही. आज मला विचारलं, "बाबा, किती गेला गं तिचा?" मला गं म्हणाली! डोळे सुजलेले होते, झोपेत बोलल्यासारखी बोलली.

"पाच नव्वद, मावशी."

"म्हंजी किती लांब?"

मी चालून दाखवलं. ती म्हणाली, "एवढं तर शेण बी फेकता येत न्हाई मला."

११ जानेवारी

राजेश्रीशी भांडण. चूक माझी. लिहायलाही लाज वाटायली.

ती म्हणाली, "मी मायला खरं सांगनार. ती झोपंना. रात्री चारदा उठून माझ्या तोंडावर हात फिरवून बघती. घरातल्या काड्यापेट्या ज्वारीच्या कनगीत लपवल्यात. चहा करायचा तर तिला हाक मारावी लागती."

मी म्हणालो, "सांगितलं की सुपारी परत येईल."

"येऊ दे."

"महिन्याचा तर प्रश्न आहे. तुझी माय चार रात्री कमी झोपली तर काय होतंय?"

हे मी बोललो. असंच्या असं.

तिनं डबी खिशातून काढली, माझ्या हातात ठेवली आणि उघड्या हातानं गोळा उचलला. पाच तीस.

१४ जानेवारी

संक्रांत. तिनं सगळ्यांना तीळगूळ दिला. मलाही दिला. बोलली नाही.

१७ जानेवारी

पाच पस्तीस. डबी घेत नाही. मी रोज पेटवून नेतो, माझ्याच खिशात दिवसभर तापत राहते.

२२ जानेवारी

आज सुपारी व्हायची होती. नाही झाली. आनंद करायचा दिवस.

मावशी बसल्या बसल्या झोपली. मान एकदम खाली गेली, शाल जाळाजवळ. मी धावलो, शाल ओढली. ती दचकून जागी झाली आणि पहिला शब्द निघाला, "राजे!" मैदानभर नजर फिरवली. राजेश्री वर्तुळात उभी दिसली तेव्हा कुठं श्वास सोडला.

मग मला म्हणाली, "तू कोनाचा रं? रोज दिसतूस."

सांगितलं.

"कालेजात न्हाई जात?"

"सोडलं, मावशी."

"का?"

"राग आला."

"कोनाचा?"

विचार केला तर त्या माणसाचं नावच आठवेना. तिनं फडक्यात बांधलेली बाजरीची अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली.

खिशात घातली, डबीशेजारी. हिला आम्ही दोघांनी काय करून ठेवलंय!

२३ जानेवारी

राजेश्रीला म्हणालो, चुकलो. सांगायचं तर आज सांग, मी सोबत येतो, काका मारतील तर मला मारू दे.

ती गोळा गळ्याशी धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मीच भ्याले रं. तुला सांगताना लय मोठी झाले, पन घरी गेले की तोंड उघडंना. एवढं झाल्यावर ग्राउंड जाईल असं वाटतंय." मग हळू, "ग्राउंड झालं की त्याच दिवशी सांगनार. तवर तिच्या तोंडाकडं रोज बघायचं. तीच माझी शिक्षा."

हात पुढं केला. मी डबी दिली.

पाच सत्तर.

३१ जानेवारी

सहा शून्य पाच. सलग तीन वेळा सहाच्या वर. मावशी आता टेप वाचायला शिकलीय. माझ्या आधी ओरडते.

१० फेब्रुवारी

परभणी. ग्राउंड. तिघं पहाटेच्या गाडीनं गेलो. काका स्टँडपर्यंत आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत फिरले.

गेटवर पोरींचे खिसे तपासायलते. आत काहीच नेऊ देईनात, फोन नाही, पिशवी नाही. डबी तिनं माझ्या हातात दिली. तोंड पांढरं पडलं होतं. दीड महिना त्या डबीच्या जिवावर टाकलेला गोळा! मावशीनं तिचे दोन्ही हात ओढून आपल्या शालीत घेतले, नंबर पुकारेपर्यंत पोटाशी धरून ठेवले. तास झाला असेल.

मग ती आत गेली. भिंतीबाहेरून काही दिसत नाही. मावशी मला विचारायली, "आता टाकला असंल का? आता?"

साडेअकराला बाहेर आली. आठशे मीटर चांगलं गेलं, शंभर बरं गेलं.

"आन् गोळा?"

"सहा बारा, माय."

पैकीच्या पैकी! मी ओरडलो. मावशी रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली. राजेश्री तिच्याजवळ बसली, "माय, तुला एक सांगायचंय" एवढं म्हणाली आणि हुंदका आला. मावशी म्हणाली, "घरी बोलू." येताना गाडीत दोघी झोपल्या. मी जागा होतो.

११ फेब्रुवारी

राजेश्रीचा फोन. रात्री पण सांगता आलं नाही, म्हणाली. बापू समोर होते.

मग मीच गेलो. मावशी एकटी होती, अंगणात ज्वारी पाखडत. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बाटली माझी, पेट्रोल माझं, डबी माझी, तिच्या मनात तसलं काही कधीच नव्हतं. बोलायचं ते मला बोला.

सूप थांबलं नाही. "ठावं हाय."

"कधीपासून?"

"डबी घरात आली त्या पयल्या आठवड्यापासून. सांजंला ती अभ्यासाला बसली की ती डबी म्याच गुडघ्याला लावून बसत व्हते. लय गुन आला."

"मग तुम्ही झोपत नव्हता ते? काड्यापेट्या लपवल्या ते?"

"म्या घोरत पडले असते तर तिच्या बापाला खरं वाटलं असतं का?"

सूप खाली ठेवलं. दाराकडं बघून घेतलं, आत कुणी नव्हतं.

"कमळीच्या वक्ताला कोनालाच वास आला न्हवता, बाबा. म्हून ह्या वक्ताला म्या आधीच घेतला."